धाकट्याचा वाटा

"मग शेंडेफळाला काय ठेवलं?" वाटणीच्या दाव्यांत केस पिकवलेल्या वकील काकूंनी थेट विचारलं.

"काही नाही," इतिहास शिकवणारा पुतण्या म्हणाला.

विषय होता १२१९ मधला, विल्यम मार्शलच्या मृत्युशय्येचा. हा अँग्लो-नॉर्मन सरदार स्वतः धाकटी पाती. बापाची जमीन थोरल्याकडे जाई, म्हणून विल्यम नॉर्मंडीत टँकरव्हिलच्या गढीत घोडा-भाला शिकला आणि शस्त्रस्पर्धांच्या मैदानात हरलेल्यांकडून घोडे व खंडणी उकळत मोठा झाला. ११८९ मध्ये इसाबेल द क्लेअर या श्रीमंत वारसदारणीशी लग्न झालं. इंग्लंड, वेल्स, आयर्लंडमधलं लेन्स्टर, नॉर्मंडीतलं लाँगव्हिल, सगळीकडे जमीन. पुढे बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या नावाने त्याने राज्यही चालवलं. मरताना मात्र म्हणाला, धाकट्या मुलाने, अ‍ॅन्सेल्मने, माझ्यासारखंच कमवावं.

"कमवलं म्हणे! मिळालं ते बायकोचं, तेही राजाच्या मर्जीने."

"पण काकू, जहागिरीमागे राजाला शिलेदार पुरवावे लागत. तुकडे पडले तर घोडा, चिलखत कोण पोसणार?"

"मग दुसऱ्या मुलाला, रिचर्डला, लाँगव्हिल कसं दिलं?"

इथे पुतण्या जरा अडखळला. १२०४ मध्ये फ्रान्सच्या फिलिप राजाने नॉर्मंडी जिंकली. तिथली जमीन राखायला मार्शलने पुढच्या वर्षी त्याच्यापुढे निष्ठेची शपथ घेतली आणि इंग्लंडचा जॉन राजा खवळला. दोन राजांची चाकरी एकाच घरात किती दिवस निभावणार? म्हणून ती बाजू रिचर्डकडे.

"म्हणजे सोयीचं असलं की वाटणी चालते," काकू म्हणाल्या. त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

शेवटी जॉन ऑफ अर्ली या जुन्या विश्वासूने रदबदली केली, तेव्हा बाप नरमला. अ‍ॅन्सेल्मला १४० पौंड उत्पन्नाची जमीन मिळाली.

आणि गंमत बघा: मार्शलचे पाचही मुलगे एकामागून एक औरस संततीविना गेले. १२४५ मध्ये सगळा वारसा अ‍ॅन्सेल्मकडे आला आणि त्याच वर्षी तोही गेला. मुलग्यांत थोरला एकटा वारस, पण मुलगे नसले तर मुलींना सारखे वाटे, असा तिथला तेव्हाचा कायदा. मार्शलच्या पाच मुलींच्या घराण्यांत जमिनीचे पाच हिस्से पडले.

"जे टाळलं तेच झालं," काकू म्हणाल्या.

"पण हे त्याला तेव्हा कुठे ठाऊक होतं?"

"ते सोड. १४० पौंडांनी जहागीर बुडाली का?"

"नाही."

"मग आधी नकार कशाला दिला होता?"

पुतण्या म्हणाला, "स्वतः रिकाम्या हाताने निघालेल्या माणसाला तो अन्याय वाटतच नसेल."

काकूंना हे पटलं नाही.