आकस्मिकवाद आणि घाटातला ब्रेक

पंचवीस-तीस वर्षे चाललेल्या जुन्या फियाट गाडीचा ब्रेक खंडाळ्याच्या उतारावर एकाएकी निकामी होतो, तेव्हा सुखरूप खाली पोहोचलेली मंडळी जो वृत्तांत सांगतात त्यात कार्यकारणभावाचा मागमूसही नसतो. ब्रेक आपोआप गेला आणि देवाच्या कृपेने आपोआप परत आला, एवढाच त्याचा मजकूर असतो, आणि घाटातल्या शिंगरोबा देवाला नाणे टाकले होते की नाही याची चौकशी मात्र कसून होते.

कारणावाचून काही घडू शकते काय, हा प्रश्न मिथिलेच्या नैयायिक उदयनाचार्यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’च्या पहिल्याच स्तबकात हाती घेतला. जे कधी घडते आणि कधी घडत नाही ते कशावर तरी अवलंबून असलेच पाहिजे, एरवी ते सदैव घडले असते किंवा कधीच घडले नसते, असे त्यांचे म्हणणे. यावर पूर्वपक्ष असा की, अग्नी गवतापासून, अरणीपासून आणि सूर्यकांत मण्यापासूनही निघतो, मग अमुक कार्याला अमुकच कारण हा नियम राहिला कुठे? आचार्यांचे उत्तर मार्मिक आहे: तिन्ही अग्नी वरवर एक दिसले तरी जातीने भिन्न आहेत.

जाणत्या मिस्त्रीने हा वाद ऐकलेला नसतो, पण त्याचा तपास याच अंगाने चालतो. पॅडल खाली बसते, एवढ्यावर तो फैसला देत नाही. ते कसे बसते, हे तो स्वतःच्या पायाने अजमावतो. दाब कायम ठेवला असता ते सावकाश खचत गेले आणि टाकीतले ब्रेक ऑइल मात्र घटले नाही, तर मास्टर सिलिंडरमधले रबरी कप गेले असावेत. ऑइल घटून एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर तिथला सिलिंडर गळतो. दोन-तीनदा मारल्यावर पॅडल वर आले, तर नळीत हवा शिरली असेल किंवा लायनर झिजले असतील.

सर्वांत फसवा प्रकार घाटातला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल २०५ अंश सेल्सियसच्या आत उकळता कामा नये, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. खालचा गिअर न टाकता उतारभर ब्रेकवर पाय ठेवून बसले की ड्रमची उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते, त्यात वाफ धरते, आणि द्रव दबत नसला तरी वाफ दबत असल्यामुळे पायाचा सारा जोर तिला आवळण्यातच खर्ची पडतो. खोपोलीला चहापाणी उरकेपर्यंत सिलिंडर निवतो, वाफ विरते, ब्रेक पूर्ववत लागतो आणि पंचनाम्याला काही उरत नाही. मालकाच्या हिशेबी हे दोन चमत्कार. मिस्त्रीच्या हिशेबी एकाच कारणाचे असणे आणि नसणे, म्हणजे नैयायिकांचे अन्वय-व्यतिरेक.

हा नास्तिकपणा झाला, असे कोणी म्हणेल. परंतु उदयनाचार्य ईश्वरसिद्धीसाठीच लेखणी घेऊन बसले होते, आणि आकस्मिकवादाचे, म्हणजे कारणावाचून कार्य घडते या मताचे, खंडन ही त्या कामाची पहिली पायरी होती; कार्यकारणाची परंपरा अखंड असेल तरच अदृष्टाला, म्हणजे पूर्वकर्मातून आलेल्या न दिसणाऱ्या कारणाला, तीत जागा मिळेल, अशी त्यांची धारणा. ते अदृष्ट मला स्वतःला पटत नाही, त्यांचा क्रम मात्र पूर्ण मान्य आहे. दृष्ट कारण संभवत असता अदृष्टाची कल्पना करू नये, असा शास्त्रकारांचा दंडक आहे, आणि दोन-एक वर्षांनी बदलायचे ऑइल दहा वर्षे तसेच ठेवणाऱ्या गृहस्थाची दृष्ट कारणे अजून संपलेली नसतात.