धुरकट ठिपक्याच्या बाजूने

डिसेंबरमधली अमावास्या होती. भोरच्या पुढे एका माळावर आम्ही सतरंज्या अंथरून बसलो होतो. दहा इंची दुर्बिणीत देवयानी दीर्घिका लावलेली, आणि कुतूहलाने जमलेल्या गावकऱ्यांची रांग. एका आजींची पाळी आली. त्यांनी डोळा लावला, काढला, पुन्हा लावला आणि पदराचं टोक घेऊन भिंग पुसायला निघाल्या.

"काचेला डाग पडलाय रे बाबा."

"आजी, डाग नाही तो. तेच बघायचंय."

आजींनी पुन्हा वाकून पाहिलं. मागे त्यांचा नातू मोबाईल घेऊन उभा होता. त्यात याच देवयानीचा फोटो होता: निळे पीळ, सोनेरी गाभा, कडेला गुलाबी ठिपके. आजींनी एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "मग ह्या पोराकडं आहे ते काय?"

मी तेव्हा काहीतरी सांगितलं. आजींचं समाधान झालं नाही, माझंही नाही. आकाशदर्शनाला आलेला प्रत्येक जण हा प्रश्न मनात घेऊन परत जातो, फक्त आजींसारखा तोंडावर विचारत नाही. फोटो खोटा, की दुर्बीण भिकार?

दोन्ही नाही. फरक हिशोबाचा आहे. डोळ्याचं काम हातावर पोट असलेल्या माणसासारखं असतं. क्षणभरात जो प्रकाश आला तो लगेच खर्च, पुढच्या क्षणासाठी शिल्लक शून्य. कॅमेरा भिशी लावतो. तीन-तीन मिनिटांचे शंभर-दीडशे फोटो काढायचे, ते एकावर एक रचायचे आणि पाच-सात तासांत जमलेला सगळा प्रकाश एकदम उचलायचा. त्यात अंधूक उजेडात डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी झोपलेल्या असतात. जाग्या असतात त्या फक्त उजेड-अंधार जाणणाऱ्या. म्हणून देवयानी आजींना राखाडी डागासारखी दिसली, तुम्हालाही तशीच दिसेल. तोही दिसायला डोळा वीस ते तीस मिनिटं अंधारात मुरावा लागतो. मधेच कुणी मोबाईल उघडला की मुरवण परत पहिल्यापासून. त्यासाठीच आमच्यातले जुने लोक टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावतात आणि पांढरा उजेड पाडणाऱ्याला ज्या शब्दांत हाक मारतात ते इथे छापण्यासारखे नाहीत.

अमावास्येबद्दलही सांगायला हवं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून तिच्यावर गोल करणारी महाराष्ट्रात आमचीच एक जमात असावी. बाकीचे त्या रात्री नवी वस्तू आणत नाहीत, प्रवास टाळतात. आम्ही सुट्टी टाकतो.

माझं म्हणणं असं, की आकाशाचा फोटो कळायला तो राखाडी डाग आधी पाहिलेला असावा लागतो. डाग न पाहता फोटो पाहिला तर तो शुभेच्छापत्रावरच्या चित्राइतकाच उरतो. आपण "वा!" म्हणतो आणि बोट वर सरकवतो. गाणं ऐकणाऱ्यात समेवर मान हलवणारा एखादा तरी असतो. आकाशाच्या फोटोला असा श्रोता फारसा मिळत नाही.

आणि इथे सुंदर हा शब्द फसवा आहे. माझ्या मते देवयानीचा सर्वांत मोठा फोटो दिसायला अगदीच कुरूप आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीने घेतलेली ती काचेची प्लेट. निगेटिव्ह असल्यामुळे आकाश पांढरट आणि तारे काळे. त्यावर हबलनी शाईने खुणा केल्या आहेत. एका ताऱ्याशेजारी नवतारा म्हणून लिहिलेलं 'एन' अक्षर खोडून त्यांनी 'व्हीएआर' लिहिलं आणि पुढे उद्गारचिन्ह दिलं. म्हणजे हा नवतारा नाही, ठरावीक काळाने तेज कमी-जास्त करणारा रूपविकारी तारा आहे. अशा ताऱ्यावरून अंतर काढता येतं. ते काढल्यावर देवयानी आपल्या आकाशगंगेतला मेघ उरली नाही, ती बाहेरची, स्वतंत्र दीर्घिका ठरली. हबलना मिळालेलं अंतर आजच्या पंचवीस लाख प्रकाशवर्षांच्या निम्म्याहूनही कमी होतं, तरी निकाल लागायला तेवढं पुरेसं झालं. ती प्लेट कुणी दिवाणखान्यात लावणार नाही. पण त्या उद्गारचिन्हाशी मी जितका वेळ थांबतो तितका कुठल्या रंगीत फोटोशी थांबत नाही.

फोटोने डोळ्याला मागे टाकलं ते त्याच्याही आधी. हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, ५१ मिनिटं प्रकाश जमवून. तिकांड्याखाली, मृगाच्या तलवारीत, जो पुसट ठिपका दिसतो तोच हा मेघ. तीनच वर्षांनी अँड्र्यू कॉमन यांच्या फोटोत असे तारे उमटले, जे त्याच दुर्बिणीला डोळा लावून दिसत नव्हते. तेव्हापासून दुर्बीण ही मुख्यतः डोळा लावायची वस्तू राहिलेली नाही. आम्ही हौशी लोक अजून लावतो, हा भाग वेगळा.

हौशींनी मात्र फोटोच्या कामात हात आखडता घेतलेला नाही. देवयानीचे जगात इतके फोटो निघाले आहेत की तिच्या आसपास काही नवीन सापडेल असं कुणालाच वाटत नव्हतं. मग मुख्यतः ऑक्सिजनचा प्रकाश पकडणारी गाळणी लावून युरोपातल्या तिघा हौशी मंडळींनी शंभर तासांहून अधिक प्रकाश जमवला. तिच्या शेजारी निळसर प्रकाशाची एक भलीमोठी कमान उमटली, पूर्वी कुणी न पाहिलेली. २०२३ च्या जानेवारीत ते प्रसिद्ध झालं. ती कमान देवयानीजवळची की आपल्याच आकाशगंगेतली, यावर त्यानंतर बराच खल झाला. त्या फोटोतला देवयानीचा पीळ कुणीही ओळखेल. मोलाचा भाग आहे तो कडेचा, जिथे नजर सहसा जात नाही.

तर मग फोटो वाचायचा कसा? माझी सुरुवात होते ती तारकारेषांच्या फोटोंपासून. कॅमेरा तिपाईवर घट्ट बांधून तासन्‌तास उघडा ठेवला की तारे वर्तुळाकार रेघा ओढतात. ताऱ्यांची चाल तासाला पंधरा अंश. रेघ तीस अंशांची असेल तर फोटो दोन तासांचा, याला घड्याळ लागत नाही. सगळ्या रेघा ज्या बिंदूभोवती फिरतात तो ध्रुवापाशी. तो क्षितिजापासून किती वर आहे ते पाहा, जवळजवळ तेवढेच त्या गावचे अक्षांश. पुण्यात साडेअठरा, नागपुरात एकवीस, लडाखच्या हानलेत तेहतीसच्या जवळपास. सह्याद्रीतला म्हणून पाठवलेल्या फोटोत ध्रुव पार डोक्याकडे चढलेला दिसला तर समजावं, आकाश दुसऱ्या देशातून आणून चिकटवलं आहे.

एकदा हे जमलं की खोट्या फोटोंची मजा वाटायला लागते. चंद्रकोरीच्या दोन टोकांमधल्या काळ्या भागात चमकणारी चांदणी दाखवणारे फोटो तर दर सणाला येतात. तिथे चंद्राचाच न उजळलेला गोळा असतो, त्याच्या पुढे चांदणी येणार कुठून? एका किल्ल्याचा फोटो मागे सगळीकडे फिरत होता. कड्याच्या मागून आकाशगंगेचा दाट, फुगीर गाभा उसळलेला. तो पायथा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की तिथून किल्ल्याकडे बघणारा माणूस उत्तरेकडे बघत असतो. आणि हा गाभा धनु-वृश्चिकेच्या बाजूचा. आपल्याकडून तो दक्षिणेतच दिसतो, फार तर बेचाळीस-त्रेचाळीस अंश वर येतो आणि मावळतो. उत्तरेला तो येत नाही. खाली हजारो लोकांनी हात जोडले होते. किल्लाही खरा, आकाशही खरं, फक्त दोघांची भेट संगणकावर झालेली.

या गाभ्याचं आणि आपलं वाकडंच आहे म्हणा. तो रात्रभर दिसावा असे महिने म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि तेव्हा आपल्यावर ढगांचं झाकण. त्यामुळे इथले फोटोवाले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे तीनला उठून माळावर जातात आणि उजाडेपर्यंत मिळेल तेवढा प्रकाश गोळा करतात. पहाटे उठण्याचं कौतुक करावं ते अशांचं. त्यांचे उद्योग जवळून बघण्यासारखे असतात. भिंगावर झाकण लावून निव्वळ अंधाराचे वीस-पंचवीस फोटो काढतात, कारण कॅमेऱ्याचा स्वतःचा गाळ नंतर वजा करायचा असतो. तांबडं फुटलं की दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून बसवतात आणि त्याचे फोटो काढतात. भिंगावरची धूळ नेमकी कुठे आहे याची ती नोंद. आजींनी पदराने पुसायला घेतलेला डाग हे लोक आकडेमोडीने पुसतात.

"रंग तरी खरे का?" हा पुढचा प्रश्न. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातले ते प्रसिद्ध खांब घ्या. त्यात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिला आहे. हायड्रोजनचा तो प्रकाश प्रत्यक्षात लाल असतो. याला फसवणूक म्हणावं का? मला नाही वाटत. शाळेच्या नकाशात रत्नागिरी पिवळी आणि सातारा हिरवा दाखवला म्हणून कुणी तक्रार करत नाही. मात्र नकाशाच्या कोपऱ्यात सूची असते. फोटोखाली ती असावी, एवढा हट्ट धरायला हवा. ज्या मोबाईलमध्ये चंद्राचा अंधूक फोटो काढल्यावर यंत्रच पाठ केलेली विवरं भरून देतं, तिथे सूची कसली लिहिणार? त्याला फोटो म्हणायला माझी जीभ वळत नाही.

सूची नसली की काय होतं, ते कोकणात बघायला मिळतं. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत. १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी इथूनच हेलियम शोधला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. १८६८ साली लॉकयर इंग्लंडमध्येच होते आणि सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्यांनी तिथेच पाहिली. ते विजयदुर्गला आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तीस वर्षांचं अंतर गळून पडलं आणि आख्यायिका तयार झाली. त्याच ग्रहणाला सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं लावून बसले होते. ज्यांनी पुण्यात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली आणि मृगाच्या त्याच तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला, ते हे नायगमवाला. त्यांनी जेऊरच्या वेधांचा रीतसर अहवाल लिहिला, उपकरणांच्या तपशिलासह. त्यांच्या नावाची आख्यायिका झाली नाही. पुण्यातल्या माणसाला त्यांचं नाव सांगितलं तर तो विचारतो, कोण?

भोरच्या त्या माळाजवळच्या वाडीवर आता हायमास्टचा खांब उभा आहे. रात्री बायाबापड्यांना त्याचा उपयोग होतो, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायला तोंड उघडत नाही. पण त्याच्या दिव्यांना वरून टोपण नाही, निम्मा उजेड सरळ आकाशात जातो. टोपणाला किती पैसे पडले असते? पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ती अशाच लहानसहान गोष्टी करून मिळाली. आमच्या माळावरून नुसत्या डोळ्यांनी देवयानीचा ठिपका पूर्वी दिसायचा, तो गेली दोन वर्षं दिसलेला नाही. कॅमेऱ्याला अजून दिसतो.

म्हणून फोटो काढणाऱ्यांना एक विनंती. आकाशाचा फोटो पाठवाल तेव्हा त्याखाली तीन गोष्टी लिहा: कुठून, कोणत्या तारखेला, किती वेळ. जमल्यास चौथीही लिहा, त्या रात्री तिथून नुसत्या डोळ्यांना काय दिसत होतं.