अकरा थर्मामीटरांचा हिशेब

गिलाव्याच्या दोन दिवसांच्या कामाची मजुरी 1,33,187 डॉलर. अकरा थर्मामीटर, साडेसात हजार डॉलर. न्यूयॉर्कच्या चेंबर्स स्ट्रीटवर कोर्टाची इमारत उभी राहत होती, तेव्हाची ही बिलं. सुरुवातीचा अंदाज होता अडीच लाखांचा, खर्च गेला कोटीच्या पुढे. गिलावा करणाऱ्या अँड्र्यू गार्वीला पुढे वर्तमानपत्रांनी ‘गिलाव्याचा राजपुत्र’ अशी पदवी बहाल केली.

यामागचा माणूस विल्यम ट्वीड. 1823 साली जन्मलेला, खुर्च्या बनवणाऱ्याचा मुलगा. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये आग विझवायला पगारी दल नव्हतं, गल्लीगल्लीतल्या पोरांची पथकं होती. आपल्याकडे तालीम किंवा गणेश मंडळ जे काम करतं, तेच ती करत. आग विझवता विझवता पोरं जमायची आणि जमलेली पोरं मतदानाच्या दिवशी उपयोगी पडायची. वाघाचं चित्र मिरवणाऱ्या अशा एका पथकाचा ट्वीड म्होरक्या होता. तिथून तो नगरसेवक झाला, मग एका मुदतीपुरता काँग्रेसचा सदस्य. वॉशिंग्टनमध्ये तो रमला नाही. खरी सत्ता बिलावर सही होते त्या टेबलाशी असते, हे त्याला लवकर उमगलं.

मला या कथेत सगळ्यात बोलका वाटतो तो काउंटीच्या सुपरवायझर मंडळाचा प्रसंग. चोरीला आळा बसावा म्हणून मंडळात दोन्ही पक्षांचे सहा-सहा सदस्य नेमले होते. ट्वीडनं काय केलं? निवडणूक अधिकारी नेमायच्या दिवशी विरोधी पक्षाच्या एका सदस्याला घरीच बसण्यासाठी अडीच हजार डॉलर दिले. हे त्यानं स्वतःच पुढे कबूल केलं. पहारेकऱ्याला मारावं लागत नाही, त्याला एक दिवस सुट्टी दिली की पुरतं. मग टक्केवारी सुरू झाली. आधी ठेकेदारानं पंधरा टक्के द्यायचे. पुढे पुढे बिलातले पस्तीस टक्केच ठेकेदाराला मिळत आणि पासष्ट टक्के ट्वीडच्या टोळीला. म्हणजे बिल फुगवणं ही ठेकेदाराचीही गरज होऊन बसली.

मतदाराला हे दिसत नव्हतं का? दिसत असेलही. पण आयर्लंडहून बोटीनं आलेल्या माणसाला नागरिकत्वाचा कागद, नोकरी, अडीअडचणीला कोळसा देणारं दुसरं होतं कोण? 1870-71 च्या हिवाळ्यात ट्वीडनं आपल्या वॉर्डातल्या गरिबांसाठी 50,000 डॉलर दिले. पैसा त्यांच्याच शहराचा होता, पण शहराच्या तिजोरीला चेहरा नसतो, ट्वीडला होता. सभ्य मंडळींनी त्या गरिबांना लाचखाऊ म्हणून हिणवलं. मला ते हिणवणं फार सोयीचं वाटतं.

पडझडीची सुरुवात नीतिमत्तेनं केली नाही. जानेवारी 1871 मध्ये काउंटीचा हिशेबनीस घसरगाडीच्या अपघातात मेला आणि वह्या भलत्या हातांत गेल्या. माजी शेरीफ जेम्स ओब्रायन याचे साडेतीन लाख टोळीनं थकवले होते. त्या रागानं त्यानं नकलून घेतलेले आकडे ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या हवाली केले आणि जुलैत ते छापून आले. थॉमस नास्ट ‘हार्पर्स वीकली’त व्यंगचित्रं काढतच होता. एकात सारे गोल उभे आहेत, पैसा कुणी खाल्ला म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतोय. सगळेच ‘तो मी नव्हेच’! तरीही त्याच नोव्हेंबरात मतदारांनी ट्वीडला पुन्हा राज्याच्या सेनेटवर निवडून दिलं.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. 1873 मध्ये शिक्षा झाली, ती कमी झाली. शहराचे पैसे वसूल करायच्या दाव्यात तो पुन्हा आत गेला. डिसेंबर 1875 मध्ये पहाऱ्यात घरी नेलं असताना पळाला, क्यूबामार्गे स्पेनला पोचला. तिथे तो ओळखला गेला नास्टच्या चित्रावरून, असं सांगतात. परत आल्यावर सुटकेच्या आशेनं त्यानं सगळं कबूल केलं. कबुली घेतली गेली, सुटका मात्र झाली नाही. 12 एप्रिल 1878 रोजी तो लडलो स्ट्रीटच्या तुरुंगात वारला.

त्याच्यावरचा खटला चालला होता तो चेंबर्स स्ट्रीटच्या त्याच अर्धवट कोर्टात. इमारत पुरी झाली 1881 मध्ये. आज शहराचा शिक्षण विभाग तिथे बसतो आणि लोक तिला ट्वीड कोर्टहाउस म्हणतात.