झोपेतून उठतो तो कोण?

गोंदियातील माझ्या खोलीत, जिच्या खिडकीच्या जाळीवर शेजारच्या राइस मिलचा कोंडा बारमाही साचलेला असतो, मी स्वहस्ते जुळविलेला एक संगणक आहे. त्याचा मदरबोर्ड एका कंपनीचा, डबा दुसऱ्या कंपनीचा, आणि तरीही रोज सकाळी तो स्वतःस ॲपलचा आयमॅक समजून जागा होतो. ही समजूत 'ओपनकोअर' नामक बूटलोडर करून देतो : मुख्य प्रणालीने डोळे उघडण्यापूर्वीच तो यंत्राचे मॉडेल व अनुक्रमांक तिच्यापुढे ठेवतो, आणि दप्तरातील नोंद पाहून सारा वसूल करणाऱ्या कारकुनाप्रमाणे ती फारशी चौकशी करीत नाही. २००५ साली ॲपलने इंटेलचे प्रोसेसर पत्करण्याचे जाहीर केले, तेव्हापासून हा 'हॅकिन्टॉश'चा उद्योग फोफावला. कंपनीच्या करारनाम्यास तो मंजूर नाही. त्याचे समर्थन मी करीत नाही, माझी शंका निराळी आहे.

गेल्या वैशाखात मी मदरबोर्डचे फर्मवेअर बदलावयास घेतले. ते लिहिले जात असता वीज गेली तर बोर्ड निकामी होतो, म्हणून गिरण्या थंडावल्यावर, रात्री दोन वाजता, इन्व्हर्टरची घरघर ऐकत बसलो. फर्मवेअर निर्विघ्न चढले. पण त्याने माझ्या सर्व सेटिंग्ज पुसून मूळपदावर आणल्या, प्रोसेसरच्या एका नोंदीत प्रणालीस लिहू न देणारा 'सीएफजी लॉक' पुन्हा लागला, आणि त्याच बैठकीत बूटलोडरही नवा घालण्याचा आगाऊपणा मी केला असल्यामुळे जुनी 'कॉन्फिग'ची फाइल त्यास जुळेना. काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी उमटून थिजल्या. सुदैवाने जुना बूटलोडर व त्याची कॉन्फिग असलेला ईएफआय फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला होता. सेटिंग्ज हाताने परत बसविल्या, पेनड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकला, आणि पहाटे यंत्र उठले. समोर सायंकाळी अर्धवट सोडलेली लग्नपत्रिका उघडली.

उठले ते कोण? ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हाच प्रश्न निजलेल्या जीवाविषयी आला आहे. गाढ निद्रेत ब्रह्माशी एकरूप झालेला जीवच परत उठतो की दुसराच कोणी? पूर्वपक्ष म्हणतो, जलाशयात टाकलेला पाण्याचा थेंब तोच पुन्हा कोण उचलणार? सूत्रकार तोच उठतो असा निर्वाळा देतात, आणि त्यांच्या कारणांत अपुरे राहिलेले कर्म व स्मरण ही दोन आहेत. पत्रिका पाहून मला ते पटले, परंतु क्षणभरच. कारण डिस्कची हुबेहूब प्रत काढून दोन डब्यांत बसविली, तर पत्रिका दोघांनाही आठवेल, आणि दोघेही तीच पुरी करावयास बसतील.

शंकराचार्यांनी थेंबाला दिलेले उत्तर याहून खोल आहे. थेंब वेगळा काढता येत नाही, कारण त्यास वेगळे करणारे काही नाही. जीवास मात्र वेगळे करणारे कर्म आणि अविद्या असते. अविद्या! म्हणजे जे अज्ञान दूर करावयाचे, तेच जीवाची ओळखही राखते. माझ्या यंत्राचा अनुक्रमांक खोटा आहे, परंतु तो त्याचा एकट्याचा आहे. तो काढून घेतला तर तांबे, सिलिकॉन, पंखा सारे जागच्या जागी राहील, आयमॅक म्हणून उठणारा मात्र राहणार नाही. आमच्याकडील मालगुजारी तलाव १९५१ साली मालगुजारांच्या मालकीतून सरकारजमा झाले, आज लोक त्यांस 'मामा', म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. दप्तर बदलले, पाण्यास त्याची वार्ता नाही. यंत्राची गोष्ट तशी नाही, आणि मला भय वाटते, माझीही नसावी. कारण नाव, गाव, आडनाव ही सकाळी मला कोण सांगतो हे मी आजवर कधी तपासलेले नाही.

इंटेलच्या यंत्रांसाठी ॲपलची 'टाहो' ही शेवटची प्रणाली आहे, त्यामुळे या उठाठेवीचेही दिवस भरत आले. पत्रिकेत वधूपित्याचे आडनाव राहिले होते. ते भरले, आणि छापखाना उघडण्याची वाट पाहत बसलो.