इथ्रोचा सल्ला आणि रक्ताचा दाब

(वाचनभाग : निर्गम १८:१३-२७)



मिद्यानाचा याजक इथ्रो रानात आपल्या जावयाच्या भेटीस आला, तेव्हा मोशे प्रातःकाळापासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसला आहे आणि लोक भोवती तिष्ठत आहेत, असे त्याच्या दृष्टीस पडले. त्याने जावयाची वाहवा केली नाही. अशाने तुझा व या लोकांचा क्षय होईल, असे त्याने बजावले व दहा-दहा लोकांपर्यंत नायक नेमविले. या अध्यायावरून आम्ही पाळक बहुधा मंडळीच्या कारभाराविषयी बोलतो. परंतु इथ्रोच्या दृष्टीपुढे प्रथम मोशेचा देह होता.

चिंता व घाई यांनी हृदय जलद चालते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्ताचा दाब चढतो. विश्रांती मिळाली की तो उतरतो. परंतु उतरण्यास अवकाशच न मिळाला, तर तो चढलेलाच राहू लागतो. १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब वारंवार आढळल्यास वैद्य त्यास विकार म्हणतात. हा विकार बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो फसवा आहे.

इटलीतील वैद्यांनी मठात एकांतवासात राहणाऱ्या १४४ जोगिणी व संसारी १३८ स्त्रिया यांची २० वर्षे तपासणी करून १९८८ साली वृत्तांत छापला. वयाबरोबर संसारी स्त्रियांचा दाब चढत गेला. जोगिणींचा जवळजवळ तसाच राहिला. मीठ किंवा वजन यांवरून हा भेद उलगडेना. आपण प्रॉटेस्टंट लोक मठवासाचे कैवारी नाही, तरी ही गोष्ट मनात बाळगण्याजोगी आहे.

मग दोष कामाचा काय? केवळ कामाचा नव्हे. जेथे कामाचा रेटा मोठा व त्यावर आपला अधिकार थोडा, तेथे ताण सर्वांत अधिक, असे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली मांडले. आणि अशा कामकऱ्यांत रक्तदाब वाढलेला पुढे इतरांस आढळला. मोशेला निदान नायक नेमण्याचा अधिकार होता. मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर गेलेल्या जोडप्यास तो कोठे आहे? गाडी अपरात्री आली तरी मोळ्या वाहून ती भरावीच लागते. शब्बाथाच्या आज्ञेत तर दास, दासी, उपरा आणि बैलसुद्धा नावानिशी आले आहेत. आपल्यांतील ज्यांच्या शेतावर रोजंदारीची माणसे राबतात, त्यांनी रविवारी उपासनेस येण्यापूर्वी आपला गडी त्या वेळी कोठे आहे, हे पाहावे.

कित्येक जण प्रार्थना केली म्हणून गोळी सोडतात. हा विश्वास नव्हे. पौलाने तीमथ्याला त्याच्या पोटाच्या दुखण्यावर औषधादाखल थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, प्रार्थना थांबविण्यास नव्हे. सरकारी आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब विनामूल्य मोजतात. मंडळीच्या वडिलांनी प्रथम स्वतः जावे, आणि परत येताना शेजारच्या वस्तीवरील मजुरांस सांगून यावे.