उपचारासाठीं परदेशगमन

कर्करोग हा शब्द घरांत शिरला म्हणजे त्या घरांतील बाकीचे सर्व शब्द कांहीं काळ मुके होतात. पेण काय किंवा रोहें काय, अशा लहान शहरांत तर ती वार्ता संध्याकाळच्या आंत आळींतून पलीकडच्या आळींत जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून हितचिंतकांची रीघ लागते. आमच्या बाळपणीं अशा प्रसंगीं एवढेंच विचारीत, कीं वैद्य कोणता पाहिला? आतां एक नवाच प्रश्न पुढें येतो. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत अथवा इंग्लंडांत असते, वडिलार्जित जमिनीला भाव आलेला असतो, आणि कोणीतरी म्हणतें, "येथें कशाला ठेवतां? तिकडे घेऊन जा." या सूचनेंत आपुलकी असते यांत शंका नाहीं. परंतु जावें कीं न जावें हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच नीतीचाही आहे. आणि त्याचा हा दुसरा भाग घाईगर्दींत बहुधा कोणी पाहत नाहीं. तोच आज थोडासा पाहावा असा आमचा विचार आहे.

या प्रश्नाचा आपल्या इकडील इतिहास मोठा बोधप्रद आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांस रक्ताचा कर्करोग झाला, आणि १९३१ च्या जूनमध्यें वेल्समधील एका शुश्रूषागृहांत त्यांचा अंत झाला. द्रव्याची वाण नव्हती, युरोपांतील वैद्यक हाताशीं होतें; तरी रोगापुढें इलाज चालला नाहीं. दोराबजींनीं १९३२ सालीं पत्नीच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठीं न्यास स्थापिला, आपली संपत्तीही लोककार्यार्थ न्यासाच्या स्वाधीन केली, आणि त्याच वर्षीं ३ जून रोजीं जर्मनींत बाड किसिंगेन येथें ते निवर्तले. पुढें त्यांच्या न्यासाच्या पैशांतून परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहिलें, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. अलीकडचें उदाहरण घ्यावयाचें तर गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१८ सालीं स्वादुपिंडाच्या कर्करोगावर उपचार करून घेण्यासाठीं अमेरिकेस गेले, नंतर दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेंतही राहिले, आणि १७ मार्च २०१९ रोजीं गोव्यांत स्वगृहीं त्यांनीं देह ठेविला.

या दोन उदाहरणांवरून परदेशगमन व्यर्थ होय असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो तर्कदुष्ट होईल. दोघांचे रोग दारुण होते. ते घरीं राहते तर अधिक जगते असें कोण म्हणेल? या उदाहरणांवरून सिद्ध होतें तें इतकेंच, कीं अंतर हें औषध नव्हे. आपल्या प्राचीन वैद्यकानें रोगाचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे भेद केले आहेत. याप्य म्हणजे जो बरा होत नाहीं, परंतु उपचारानें आटोक्यांत राहतो तो. चिकित्सेस हात घालण्यापूर्वीं वैद्यानें हा निवाडा करावा अशी त्या शास्त्राची आज्ञा आहे, आणि आमच्या मतें तिकीट काढण्यापूर्वीं रोग्याच्या आप्तांनींही तोच प्रश्न वैद्यास विचारावा. असाध्य रोग समुद्र ओलांडल्यानें साध्य होत नाहीं. आणि सुखसाध्य रोगासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. वाद राहतो तो मधल्या दोन भेदांपुरता.

तेथेंही निदान आणि उपचार हे निराळे मानले पाहिजेत. निदानासाठीं रोग्यानें जाण्याची गरज फारच क्वचित् पडते. गांठीचा जो लहानसा तुकडा तपासणीसाठीं काढतात, तो मेणाच्या ठोकळ्यांत बसवून त्याचे अत्यंत पातळ काप काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. ती काचपट्टी आणि तो ठोकळा कुरिअरनें कोठेंही धाडतां येतो. छायाचित्रें तर क्षणांत पोंचतात. दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेणें हा शहाणपणाचा मार्ग आहे, पण त्यासाठीं दुर्बळ झालेल्या देहाला विमानांत बसविण्याचें प्रयोजन काय? उपचाराचें म्हणाल तर शस्त्रक्रिया, किरण आणि औषधें हे त्याचे मुख्य आधार आपल्याकडेही आहेत. रक्ताच्या कर्करोगाच्या एका जातीवर २००१ सालीं गोळीच्या रूपानें एक औषध अमेरिकेंत मान्य झालें. त्याच्या पेटंटाची मागणी आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं फेटाळली, आणि त्यामुळें येथील कंपन्यांच्या स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला. रोग्याच्याच रक्तांतील पेशी काढून, त्यांस रोगाशीं लढण्यास शिकवून परत देहांत सोडण्याची जी नवी चिकित्सा, तिची मुंबईच्या आय. आय. टी.नें व टाटा रुग्णालयानें मिळून सिद्ध केलेली देशी आवृत्ति २०२३ सालीं मान्य झाली. टाटा स्मारकाची संशोधनसंस्था खारघर येथें, म्हणजे रायगड जिल्ह्यांतच आहे. रोह्याहून दिव्याला जाणारी गाडी पेणवरून पनवेलास पोंचते, आणि तेथून खारघर तें कितीसें दूर? परंतु पिकतें तेथें विकत नाहीं, हें आपल्या समाजाचें जुनें दुखणें आहे. एखादी विशिष्ट चिकित्सा खरोखरच येथें मिळत नसेल, तिच्यापासून लाभाची वाजवी आशा असेल, आणि ऐपत असेल, तर अवश्य जावें. त्यांत गैर कांहींच नाहीं. मात्र "तेथें काय आहे जें येथें नाहीं?" या प्रश्नाचें नेमकें उत्तर अगोदर हातीं असावें.

आतां नीतीचा प्रश्न. जाण्याचा निर्णय कोणाचा? आमच्या परिचयाच्या, पेण येथील एका वृद्ध शिक्षकांच्या घरीं तीन दिवस मसलत चालली होती. परदेशांतले मुलगे फोनवर, गांवांतले जांवई ओटीवर, आणि रोगी माजघरांत. चवथ्या दिवशीं त्यांनीं सर्वांस बोलावून विचारलें, "दुखणें माझें ना? मग मला वगळून कसलें ठरवतां?" सर्व हकीकत ऐकून घेतल्यावर त्यांनीं परळचे उपचार पसंत केले. कारण विचारतां म्हणाले, "रात्रीं कुठें ठणकतंय तें मला इंग्रजींत नाहीं सांगतां यायचं." पुढें ते किती दिवस जगले हा प्रश्न येथें गौण आहे. वेदनेलाही मातृभाषा असते, आणि चिकित्सेच्या हिशोबांत ती धरलीच पाहिजे, हें त्यांस कळत होतें. मसलत करणाऱ्यांस तें सुचलें नव्हतें. रोग्यास त्याच्या रोगाचें नांव न सांगतां त्याचा देह या खंडांतून त्या खंडांत नेणें याला प्रेम म्हणा. आदर मात्र म्हणवत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. "आम्हीं करावयाचें कांहीं ठेवलें नाहीं," हें वाक्य आपण अशा घरांतून नेहमीं ऐकतों. तें कोणाला उद्देशून असतें? पुष्कळदां लोकांस, आणि त्याहूनही अधिक स्वतःच्या मनास. ज्या मुलाला दहा वर्षें आईकडे येण्यास सवड झाली नाहीं, तो तिच्या शेवटच्या दुखण्यांत पाण्यासारखा पैसा ओततो. त्याचा पश्चात्ताप खरा असतो. पण त्याचें प्रायश्चित्त आईच्या देहानें कां घ्यावें? खलाटी विकून जो प्रवास करावयाचा, तो तिच्या आयुष्यासाठीं कीं आपल्या समाधानासाठीं, हें प्रत्येकानें एकांतांत स्वतःस विचारावें.

येथें कोणी म्हणेल, "तुम्ही प्राणाची किंमत रुपयांत करतां." आक्षेप खरा असता, तर आम्ही लेखणी खालीं ठेविली असती. पण खलाटी म्हणजे केवळ रुपये नव्हेत; ती नातवाचें शिक्षण आहे, विधवा होणाऱ्या पत्नीचें अन्न आहे. एका प्राणाच्या पारड्यासमोर दुसऱ्या पारड्यांतही प्राणच असतात. उलट, त्यागाचा उपदेश करणाऱ्यांसही आमचें एक सांगणें आहे. पेण तालुक्यांतील गागोदें हें विनोबांचें जन्मस्थान. १९८२ च्या नोव्हेंबरांत पवनार येथें आजारी असतां त्यांनीं अन्न व औषध वर्ज्य केलें, आणि १५ तारखेस ते गेले. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, आणि म्हणूनच त्याला थोरवी आहे. तोच त्याग सुनेनें सासूवर लादला, तर त्याचें नांव निराळें होतें. विरक्ति ज्याची त्यानेंच करावयाची असते. दुसऱ्याच्या वतीनें ती करतां येत नाहीं.

शेवटीं, परदेश हा शब्दही सापेक्ष आहे. रोह्याच्या डोंगरपट्टींतील कातकरी स्त्रीला परळ हाच परदेश आहे. तेथली भाषा निराळी, कागद निराळे, रात्रीं पडण्यास जागा नाहीं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत टाटा रुग्णालयाच्या रोग्यांस आसरा मिळतो. त्या धर्मशाळेनें या परदेशाचा थोडासा स्वदेश केला आहे. दूर जाण्याचें एक अत्यंत सफल रूप आहे, तेंही येथें सांगितलें पाहिजे. डॉ. वसंत रामजी खानोलकर लंडनला जाऊन विकृतिशास्त्र शिकले, आणि परत येऊन त्यांनीं टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा वाहिली. असा एक विद्यार्थी परदेशीं जाऊन आला म्हणजे हजारों रोग्यांचें जाणें वाचतें.

ज्याला शक्य आहे त्यानें जावें, ज्याला नको आहे त्याला ओढूं नये. पण जो जाऊन आला, त्याच्यावर एक ऋण राहतें. आपल्या मागून येणाऱ्याची वाट चार कोसांनीं तरी कमी करणें हें तें ऋण होय. दोराबजींची पत्नी दूर देशीं गेली ती परत आली नाहीं. परंतु त्यांच्या दुःखानें परळास जें उभें केलें, तेथें गेलेलीं कितीतरी माणसें बरीं होऊन पेणला आणि रोह्याला आपल्या घरीं परतलीं आहेत.