आधी दिलेला शब्द

एखादी गोष्ट घडून गेल्यावर "आम्ही तर आधीच म्हणालो होतो," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. घडण्यापूर्वी तीच गोष्ट लिहून चारचौघांपुढे ठेवणारे थोडे. या दोघांत फरक केवळ हुशारीचा आहे, की नीतीचाही?

आकाशातले एक उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०१४ मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांत पॅट्रिक केली यांना स्फोट पावलेला एक तारा, म्हणजे सुपरनोव्हा, दिसला. तारा एकच, पण दिसला चार ठिकाणी! त्याचा प्रकाश नऊ अब्जांहून अधिक वर्षे प्रवास करून आला होता. वाटेत दीर्घिकांचा एक प्रचंड समूह होता. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश भिंगातून जावा तसा वाकला व कमीअधिक लांबीच्या वाटांनी येथे पोचला. अशा वाटांवरील वेळेच्या फरकावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येईल, असे नॉर्वेचे स्यूर रेफ्सदाल यांनी १९६४ सालीच मांडले होते. म्हणून या ताऱ्याला त्यांचे नाव मिळाले. ते स्वतः २००९ मध्ये वारले. तो पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही.

प्रकाशाची आणखी एक वाट अधिक लांबची होती. त्या वाटेने तोच स्फोट पुन्हा दिसेल, असे गणित मांडून शास्त्रज्ञांच्या अनेक गटांनी आपापले अंदाज आधीच प्रसिद्ध केले. ऑक्टोबर २०१५ च्या अखेरीपासून दुर्बीण अधूनमधून तिकडे वळवण्यात आली. ११ डिसेंबर २०१५ रोजी तो ठिपका उमटला. सर्वांचे अंदाज सारखे नव्हते. काही जवळ आले, काही दूर राहिले. परंतु प्रत्येकाने स्वतःला खोटे ठरण्याची जागा मोकळी ठेवली होती. प्रामाणिकपणा तो हाच.

कोणी म्हणेल, माणसांचे व्यवहार गणिताने चालत नाहीत. खरे आहे. उद्या काय होईल हे आपण सांगू शकत नाही. पण उद्या आपण काय करू, याचा शब्द देऊ शकतो. "बघू पुढे" असे म्हणणारा कधीच खोटा ठरत नाही, आणि त्याच्यावर कोणी विसंबतही नाही. शब्बाथशाळेत मुलाने अवघड प्रश्न विचारला, तर "पुढच्या रविवारी उत्तर शोधून आणतो" असे सांगणारा शिक्षक स्वतःला बांधून घेतो. मूल रविवारची वाट पाहते. त्या वाट पाहण्याला आपण जागतो की नाही, यावरच त्याचा पुढचा भरवसा अवलंबून असतो.